नागनाथ बेटावरची सहल



दशलक्षण पर्व आटोपल्यावरच्या रविवारी आम्ही घरातले सगळे चाकूर तालुक्यातल्या वडवळ नागनाथच्या बेटावर जाऊन आलो. बेट म्हणजे पाण्यातलं नव्हे, औषधी वनस्पतींनी भरलेली टेकडी. उत्तरा नक्षत्रात या वनस्पतींना गुण येतो असं मानतात, म्हणून तेव्हा तिथे गर्दी.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कच्च्या केळ्याची भाजी. पाणी गाळून घरूनच नेलं. सगळं नियमाने. आणि जेवण झाल्यावर मीच गुडघ्यांसाठी म्हणून एक रोप मुळासकट उपटलं. माती ओली, लगेच हातात आलं. नातू म्हणाला, "आजी, मुळं आपल्याला चालत नाहीत ना?" सूनबाई हसली. मला काही हसू आलं नाही.

कंदमुळं आपण का सोडतो? त्यात अनंत जीव, आणि मूळ काढलं की झाडच जातं. मग टेकडीवर हा नियम कुठे जातो? पिशव्या भरून उतरणाऱ्या बायकांत आपल्यातल्याही होत्या. मी कॉमर्सची, मला नुसता खर्च दिसतो, जमा काहीच नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालेलं हे लातूर; जंगल आपल्याकडे नावापुरतंच.

माझं मत, बेटावर जरूर जावं, पोरांना न्यावं, पण येताना हात रिकामे असावेत. रोप हवंच असेल तर रोपवाटिकेतून घ्यावं. माझं ते रोप कुंडीत लावलं होतं, आठ दिवसांत वाळलं.