पाकशास्त्रांतील अपभ्रंश

विद्यार्थ्यांच्या निबंधांतील अशुद्ध शब्दांखालीं तांबड्या शाईनें रेघा ओढण्यांत आमचीं पस्तीस वर्षें गेलीं. सेवानिवृत्तीनंतरही ती संवय सुटलेली नाहीं, याची प्रचीति आम्हांस गेल्या महिन्यांत जेवणाच्या पाटावर आली.

आमची धाकटी सून अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत राहते. सुटींत घरीं आली असतां तिनें एके दिवशीं सर्वांसाठीं ‘एन्चिलाडा’ केला. टॉर्टिया नांवाची मक्याची पातळ भाकरी मिरचीच्या दाट रश्शांत बुडवावयाची, तींत राजमा व चीज यांचें सारण भरून गुंडाळी करावयाची आणि वरून पुनः तोच रस्सा ओतून ती भाजावयाची, असा हा प्रकार. या स्पॅनिश नांवाचा अर्थच मुळीं ‘मिरची लावलेली’ असा आहे. नातवंडांनीं ताटें चाटूनपुसून साफ केलीं. आम्ही मात्र म्हणालों, ‘पदार्थ रुचकर आहे, पण हा खरा मेक्सिकन नव्हे, टेक्सासांतील अपभ्रंश आहे.’

सून क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मामंजी, तिकडचीं जुनीं घरें मेक्सिकोंतून उठून आलेलीं नाहींत. तीं तेथेंच होतीं. सीमा मात्र सरकली.’

बोलणें खरें होतें. १८३६ सालीं मेक्सिकोपासून फुटलेलें टेक्सास १८४५ सालीं संयुक्त संस्थानांत सामील झालें, आणि १८४८ च्या तहानें कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको इत्यादि विस्तीर्ण मुलूख मेक्सिकोच्या हातून गेला. राज्य बदललें, चुली त्याच राहिल्या. पुढें प्रत्येक प्रांतानें धान्य व शेजार पाहून आपापला पाठभेद केला. टेक्सासांत रश्शांत जिरें वाढलें व वर पिवळें चीज आलें. न्यू मेक्सिकोंत भाकरी न गुंडाळतां थरावर थर रचण्याची चाल आहे, आणि ‘मिरची तांबडी कीं हिरवी?’ हा प्रश्न उपाहारगृहांत पाहुण्यास आधीं विचारतात. मेक्सिकोच्या उत्तर भागांत स्पॅनिश लोकांनीं आणलेला गहूं चांगला रुजला. तेथें गव्हाच्या पोळीची गुंडाळी रूढ झाली. तिचें नांव बरिटो, म्हणजे ‘लहानसें गाढव’. १९६० नंतर सॅन फ्रान्सिस्कोंत या गाढवाच्या पाठीवर भाताचें ओझें चढलें आणि एक बरिटो म्हणजे पोटभर जेवण झालें.

डायना केनेडी या विदुषीनें १९७२ सालीं ग्रंथ लिहून मूळ मेक्सिकन पाकपद्धति आणि ही सीमेपलीकडील पद्धति यांतील भेद स्पष्ट केला. तो भेद आम्हांस मान्य आहे. परंतु भेद निराळा आणि दोष निराळा. ज्या मराठींत आम्ही हें लिहीत आहों, ती तरी प्राकृत व अपभ्रंश यांच्याच वाटेनें आली ना? आमच्या एकादशीचा बटाटा, शेंगदाणे, हिरवी मिरची आणि आज साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कंद, हे सर्व मूळचे अमेरिका खंडांतील पाहुणे होत. त्यांस आम्ही कधीं अशुद्ध म्हटलें नाहीं.

सर्वच बदल निर्दोष असतात असें मात्र नव्हे. मेक्सिकोंत मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून मग वाटतात. त्यामुळें त्यांतील नायासिन हें जीवनसत्त्व अंगीं लागतें. युरोपनें मका नेला, पण ही क्रिया नेली नाहीं. तेथें मक्यावरच जगणाऱ्या गोरगरिबांस पेलाग्रा रोगानें ग्रासलें. टेक्सासच्या गृहिणींनीं चीज बदललें, परंतु टॉर्टियाचा चुना सोडला नाहीं. रूप बदलावें, त्यामागील ज्ञान टाकूं नये, एवढीच आतां आमची अट.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं सुनेस तोच पदार्थ पुनः करावयास सांगितलें. ‘मामंजी, मिरची तांबडी कीं हिरवी?’ असें तिनें हंसून विचारलें, तेव्हां तिचा रुसवा गेला असें आम्ही समजलों.