कासवाला फळी द्या!

पावसाळ्यात ओढ्याकाठचं कासव वाट चुकून स्विमिंग टँकमध्ये पडतं. आपण म्हणतो, "पाण्यातलाच जीव, राहू दे की!" चूक! कासव फुप्फुसांनी श्वास घेतं, त्याला टेकायला जागा लागते. गुळगुळीत टाइल्सवर नखं रुतत नाहीत. दमून ते बुडूही शकतं.

मित्रांनो, उपाय फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलाच आहे. फळीचं एक टोक पाण्यात, दुसरं काठावर, वर गोणपाट. घर्षण वाढलं की स्वारी बाहेर! पावसाळाभर अशी फळी प्रत्येक टँकला हवीच.

आणि हो, 'लकी' म्हणून ते रूमवर बादलीत ठेवायचं नाही. आपल्याकडचं फ्लॅपशेल कासव १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वनविभागाला १९२६ वर फोन करा. केटी काय, अभ्यासानेच सुटते!