ताट रिकामे परत जाऊ नये

दिवाळीच्या फराळाला आपल्याकडे जो मान आहे, तो केवळ चवीमुळे नाही. लाडू, चकली, चिवडा आता बारा महिने दुकानात मिळतात. फराळाची खरी गोडी त्याच्या येण्याजाण्यात आहे. वाड्यांतून, चाळींतून, गल्ल्यांतून ताटे फिरायची. वर क्रोशाचा रुमाल, खाली दोन लाडू, चार करंज्या, मूठभर शंकरपाळे. आणि शेजारचे ताट आले की ते रिकामे परत धाडायचे नाही, हा अलिखित नियम. घरात काही नसलेच तर चिमूटभर साखर तरी त्यात घालायची. त्या साखरेमुळे देणारा कोण आणि घेणारा कोण, हा प्रश्नच उरत नसे.

गेल्या काही वर्षांत आणखी एक चांगली रीत रुजते आहे. दिवाळीच्या आधी अनेक कुटुंबे मुलाबाळांसह बाहेर पडतात आणि गरजू घरी फराळ पोचवून येतात. कुणी मंडळाबरोबर जातात, कुणी सोसायटीतल्या चारजणांना घेऊन. मला या रीतीचे मनापासून कौतुक आहे. पण एक गोष्ट सारखी मनात येते. शेजाऱ्याच्या ताटाला जो नियम आपण लावतो, तो इथे का लावत नाही? पिशवी हातात द्यायची, हसायचे, फोटो काढायचा आणि पुढच्या दाराशी जायचे. इथे ताट जाते, परत काही येत नाही. आणि जिथून काही परत येत नाही, तिथे शेजार जुळत नाही.

सांगलीत आमच्या घरात ही प्रथा आठ वर्षांपूर्वी सुरू झाली. आम्ही चौघे, आणि घरे फक्त पाच. पन्नास घरे करता आली असती. पण पन्नास घरी दारातूनच परतावे लागते, पाच घरी बसता येते. त्या बसण्यातूनच कळले, की काय द्यायचे हे देणाऱ्याने एकट्याने ठरवायची बाब नव्हे.

पाचांतले एक घर धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींचे. नवरा नाही, दोन मुले शाळेत. पहिल्याच वर्षी, दसऱ्याच्या सुमारास, माझ्या पत्नीने त्यांना सरळ विचारले, ‘‘मावशी, दिवाळीला काय आणू?’’ त्या थोड्या घुटमळल्या, मग म्हणाल्या, ‘‘वहिनी, लाडू करून नका आणू. बेसन, साखर, तेल द्या. करीन मी. पोरं म्हणतात, सगळ्यांच्या घरातनं तळणीचा वास येतोय, आपल्या घरातनं का येत नाही?’’

दिवाळी म्हणजे वास, हे त्या मुलांना आपल्याहून अधिक कळले होते. कढईत पडलेल्या पहिल्या चकलीचा आवाज, ‘देवाला दाखवल्याशिवाय हात लावू नका’ म्हणून आईने घातलेला दम, तरीही पळवलेला एक तुकडा, यांतले काहीच तयार डब्यातून पोचत नाही. तेव्हापासून त्या घरी आम्ही शिधाच देतो, आणि वसुबारसेच्या चार दिवस आधी देतो. शिधा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पोचला, तर ती कढई चढायची कधी? 2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने ‘आनंदाचा शिधा’ दिला, तेव्हा त्यातही रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल असा कोरडा जिन्नस होता, आणि त्याला शंभर रुपये मोल होते. योजनेच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण शंभर रुपये मोजून घरी आणलेल्या रव्याचा लाडू आपल्या हातचा असतो, एवढे खरे.

म्हणून शिधाच द्यावा, असा नियम करावा का? तेही नाही. आमच्या भागात गळीत हंगाम सुरू होताना बीडकडच्या ऊसतोडणी टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथे ‘एक कोयता’ म्हणतात; मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत कोयता थांबत नाही. हंगाम लवकर लागला की त्यांची दिवाळी कोपीतच होते. तीन दगडांची चूल, पहाटेच फडात जायची घाई. तिथे बेसन नि तेल नेऊन त्या बाईने लाडू वळायचे केव्हा? तिथे तयार फराळच हवा, घट्ट झाकणाच्या डब्यात, म्हणजे मुंग्या लागत नाहीत. ज्यांच्या कोयत्याने साखरेची सुरुवात होते, त्यांच्या पोरांच्या हाती लाडू द्यायला आपण बाहेरून जावे लागते, ही गोष्ट मुलांना तिथेच उभे राहून कळावी. पुस्तकातून ती इतकी कळत नाही.

एका आजींना साखरेचा आजार. त्यांना आम्ही भाजक्या पोह्यांचा चिवडा नेतो आणि लाडवांऐवजी तासभर गप्पा. विचारले नसते तर हे कळले नसते.

आता परतीच्या ताटाविषयी. दुसऱ्या वर्षी मावशींनी आमचा डबा परत केला, त्यात पाच कडबोळी होती. आमच्याच दिलेल्या पिठातली. धाकटी वाटेत म्हणाली, ‘‘बाबा, त्यांना कमी पडतील ना? आपण घ्यायला नको होती.’’ तिचा प्रश्न मायेचाच होता. पण ती कडबोळी नाकारली असती, तर आम्ही त्यांना काय सांगितले असते? की तुमची जागा घेण्याची, देण्याची आमची. गरिबाचे काही घेऊ नये, हा विचार वरवर सद्भावनेचा वाटतो. त्याच्या पोटात मात्र एक उंच पायरी दडलेली असते. आम्ही ती कडबोळी घरी आणून फराळाच्याच ताटात मांडली. आलेल्या पाहुण्यांनी ती पहिल्यांदा संपवली.

फोटोचेही तेच. आपल्या मुलांचा फोटो घरी काढावा, हवे तितके. ज्या मुलाला आपण डबा दिला, तो उद्या आपल्या मुलाच्याच वर्गात बसणार असतो, हे फोटो काढणाऱ्याने एकदा आठवावे.

महाराष्ट्राला हे सारे नवे नाही. वार लावून जेवणारे विद्यार्थी आपल्या वाडवडिलांनी पाहिले. ती सोय बहुधा जातीच्या चौकटीतच राहिली, हे विसरून चालणार नाही. ती चौकट कर्मवीर भाऊराव पाटलांनी मोडली. 1924 साली साताऱ्यात त्यांनी काढलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. रयतच्या कामाला हातभार म्हणून घरोघरी रोज मूठभर धान्य बाजूला काढले जाई, त्याला मुष्टिफंड म्हणत. मला त्यातला ‘रोज’ हा शब्द फार मोलाचा वाटतो. सणापुरते देणे सोपे असते. रोजच्या दळणातून मूठ काढणाऱ्या घराला ते मूल रोज आठवते.

काहीजण म्हणतील, चार लाडवांनी कुणाची गरिबी हटते? हटत नाही. अन्नसुरक्षा कायदा 2013 साली झाला. त्यानुसार प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. हक्काची जागा लाडू घेऊ शकत नाही, घेऊही नये. पण हक्क आणि माणूस यांच्यामध्ये कधी एवढेसे अंतर उरते, की ते शेजाऱ्यानेच पार करून द्यावे. वर उल्लेखिलेल्या आजींच्या बोटांचे ठसे झिजलेले. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटेना, आणि त्या दोन महिने मुकाट्याने परत येत होत्या. हे आम्हाला चिवडा घेऊन गेल्यावर, गप्पांच्या ओघात कळले. आमच्या थोरल्याने त्यांना बरोबर नेले, दोन खेपा घातल्या आणि काम झाले. चिवडा चार दिवसांत संपला असेल. धान्य दर महिन्याला येते आहे.

म्हणून या दिवाळीला निघण्याआधी, घरातल्या सगळ्यांनी मिळून, एकच घर निवडून पाहा. आधी जाऊन विचारा, त्यांना काय हवे ते. वेळेत द्या. दोन घटका बसा, चहा पुढे आला तर घ्या. आणि त्या घरी पुन्हा जायचा दिवस आजच ठरवा. तो दिवाळीनंतरचा, कसलाही सण नसलेला, एखादा साधा मंगळवार असला तर फारच उत्तम.