चढलेला आवाज

कल्याण पूर्वेला कोळसेवाडीत आमचा किशोरींचा गट दर शनिवारी बसतो. मागच्या बैठकीआधी एकीने मोबाइलवर गाणे लावले. ठोका असा जलद की पाय थांबेनात. पत्र्यावर हातोडी पडावी तसा नाद, आणि त्यावर बाईचा गळा यंत्राने इतका चढवलेला की तो बाईचा, लहान मुलीचा की बाहुलीचा, ते कळू नये. याला हायपरपॉप म्हणतात, हे मुलींनीच सांगितले. पाचजणी नाचू लागल्या. त्यातली एक घरी भावांसमोर मोठ्याने हसतही नाही.

"बंद करा गं तो गोंगाट," आमच्या ज्येष्ठ ताई म्हणाल्या. गाणे बंद झाले. मी गप्प बसले. तेच टोचते आहे, म्हणून लिहिते.

गोंगाटाचा राग मला समजतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या बायकांना तो वेगळा सांगायला नको. खाली मिरवणुकीचा डीजे आणि घरात बाळंतीण, आजारी सासू, बारावीची मुलगी. २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. तिच्या अंमलबजावणीसाठी ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांना उच्च न्यायालयात जावे लागले. २०१६ साली न्यायालयाने सविस्तर आदेश दिले. ती लढाई आपलीही आहे. पण तिथे प्रश्न आवाज किती मोठा आणि रस्ता कोणाचा, हा आहे. एखादे महिला गोविंदा पथक सोडले तर त्या रस्त्यावर नाचतात पुरुष, आणि मुलगी गॅलरीतून बघते. आमच्या खोलीतला मोबाइल दाराबाहेरही ऐकू जात नव्हता. दोन्हींना गोंगाट म्हणून आपण मोकळ्या झालो!

"पण त्या गाण्यात अर्थ काय?" ताईंनी नंतर विचारले. मंगळागौरीची फुगडी आठवा. वेग वाढतो, गाण्याचे शब्द सुटतात, उरते ती नुसती तोंडाने केलेली फू फू. तिचा अर्थ कोणी विचारला? दिवसभर राबणाऱ्या बाईला बेभान व्हायची ती सवलत होती, तीही सणापुरती.

आणि तो चढवलेला गळा. हे संगीत घडवणाऱ्यांत सोफी हे मोठे नाव. ही स्कॉटलंडची ट्रान्स स्त्री २०२१ साली, अवघ्या ३४व्या वर्षी गेली. धातू, रबर, प्लॅस्टिक यांचे भास देणारे नाद ती यंत्रावर मुळापासून घडवी. आपल्या सिनेमाने वर्षानुवर्षे चांगल्या मुलीचा गळा बारीक आणि गोड ठेवला. इथे तोच गळा एवढा ताणला आहे की गोडवा फुटतो. मला त्यात चेष्टा ऐकू येते. ताईंना नाही येत. हे संगीतही बाजारात विकले जाते, हा त्यांचा आक्षेप खराच आहे. मग मंगळागौरीचे तरी आता पॅकेज मिळतेच की.

येत्या शनिवारी मुलींना तेच गाणे पुन्हा लावायला सांगणार आहे. ताईंनाही बोलावले आहे. "येते," त्या म्हणाल्या, "पण नाचायला सांगू नकोस."