रोखेधारकाला विश्वस्त, नळधारकाला कोण?

मंडळाच्या बऱ्याच सभासदांनी फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर नगर निगमाचे हरित रोखे घेतले होते. आम्ही उभयतांनीही थोडे घेतले. व्याज 8.25 टक्के, दर सहामाहीस; मुद्दल तिसऱ्या, पाचव्या, सातव्या आणि नवव्या वर्षी चार हप्त्यांत परत. निगमाला 244 कोटी रुपये हवे होते आणि मागणी सातशे कोटींच्या वर गेली. उभी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला या आकड्यांचा आनंद व्हायचाच.

पैसा कशासाठी, हेही सभासदांना ठाऊक आहे. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांब आणि घाट चढवून आपल्या नळाला येते. ते वर खेचायला लागणाऱ्या विजेचे बिल निगमाला दर महिन्याला कोट्यवधींत भरावे लागते. म्हणून जलूदलाच 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याच्या विजेवर पंप चालवायचे, अशी योजना. हवामान बदलावर शहराने काही करायचे तर याहून सरळ काम सापडणे कठीण. विजेचे बिल कमी, कोळसा कमी आणि पाणी तेच.

अर्जासोबतची कागदपत्रे आम्ही सवयीप्रमाणे चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. त्यात डिबेंचर ट्रस्टी होता. रोखेधारकांच्या हिताकडे लक्ष ठेवायचे, व्याज थकले तर दार ठोठवायचे, हे त्याचे काम. पतमानांकन करणाऱ्या संस्था होत्या, शेअर बाजाराला माहिती देण्याच्या अटी होत्या. सौ. भाजी निवडत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पैसे देणाऱ्यांचा ट्रस्टी आहे, ते समजलं. पाणी पिणाऱ्यांचा कोण?" त्या वेळी आम्ही "नगरसेवक, दुसरं कोण" असे सांगून मोकळे झालो. उत्तर अपुरे होते हे मनात राहिले.

पुढच्या वर्षी लेकीकडे गेलो. जावई हिल्सबरोला चिप बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. आपल्या मंडळातल्या आणखी दोन घरांची मुले त्याच भागात आहेत. शेजारचे मोठे शहर पोर्टलंड. तिथे या प्रश्नाचे एक उत्तर पाहायला मिळाले. ते जसेच्या तसे उचलावे असे नाही, पण सभासदांनी समजून घ्यावे असे नक्की आहे.

नोव्हेंबर 2018 मध्ये पोर्टलंडच्या मतदारांनी एक कायदा थेट मतदानाने केला. देशभरात वर्षाला शंभर कोटी डॉलरच्या वर आणि पोर्टलंडमध्ये पाच लाख डॉलरच्या वर विक्री करणाऱ्या किरकोळ व्यापारी कंपन्यांनी शहरातल्या विक्रीवर एक टक्का अधिभार भरायचा. किराणा आणि औषधे वगळली. जमलेला पैसा हवामानाच्या कामांनाच वापरायचा: घरे वीज वाचवतील अशी करणे, सौर पॅनेल, झाडे, या धंद्यातल्या कामगारांचे प्रशिक्षण. आणि त्यातही कमी उत्पन्नाची व वर्षानुवर्षे मागे ठेवलेली कुटुंबे आधी. कोणाला किती द्यायचे याची शिफारस नऊ नागरिकांची समिती करते. हे नऊ जण ना निवडून आलेले, ना शहराचे नोकर. आपापले पोटापाण्याचे काम सांभाळून येतात. नवांपैकी किमान दोघे 82व्या अव्हेन्यूच्या पूर्वेला राहणारे असावेत, अशीही अट आहे. त्या बाजूला झाडे कमी, डांबर जास्त आणि उत्पन्न कमी. आपल्याकडे कोणत्याही समितीत नावे घ्यायची तर ओल्ड पलासिया आणि साकेतपासून सुरुवात होते, हे आठवून आम्हांला जरा ओशाळल्यासारखे झाले.

हा विषय तिथे किती जिवावरचा आहे, हे 28 जून 2021 ला दिसले. त्या दिवशी पोर्टलंडचा पारा 46.7 अंशांवर गेला. आपल्याकडे मे महिन्यात 43 झाले की आपण पन्हे पिऊन, पडदे ओढून दुपार काढतो. पण ती घरे थंडीसाठी बांधलेली, पुष्कळ घरांत पंखासुद्धा नाही. त्या उष्णतेच्या लाटेत एका मल्टनोमा काउंटीत साठहून अधिक माणसे गेली. त्यांत बहुतेक वयस्कर आणि एकटी राहणारी होती. त्यानंतर याच निधीतून गरीब घरांमध्ये थंडावा देणारी यंत्रे बसवण्याचा कार्यक्रम निघाला. पाच वर्षांत 15,000 असे उद्दिष्ट होते.

समितीची एक सभा आम्ही लेकीच्या संगणकावर पाहिली. पाहण्यासारखे फारसे नव्हते, आणि तेच आम्हांला आवडले. कार्यक्रमपत्रिका आधीच जाहीर झालेली होती. नागरिकांना बोलायला मोजून मिनिटे होती. अर्जांची छाननी शहराचे पगारी कर्मचारी करतात, गुण देतात, टिपण तयार करतात. समिती त्यावर प्रश्न विचारते. ज्याचा एखाद्या अर्जदार संस्थेशी संबंध आहे त्याने तो आधी सांगायचा. शेवटी शिफारस. ती नगरसभेपुढे जाते. नगरसभा ती मान्य करू शकते, बदलू शकते, फेटाळू शकते. पण जे करायचे ते जाहीर सभेत, हात वर करून.

बँकेतल्यांना हे ओळखीचे वाटेल. शाखेने कर्जाचा प्रस्ताव शिफारशीसह वर पाठवायचा, मंजुरी वरच्या कार्यालयाची. वरचा साहेब नाही म्हणू शकत होता, पण नाकारायचे तर कारण फाइलवर लिहावे लागे. त्या एका ओळीची ताकद आम्ही पाहिली आहे. फोनवर "हे करून टाका" किंवा "हे राहू द्या" म्हणणारे पुष्कळ असत. लिहून द्या म्हटले की निम्मे गप्प बसत. सल्लागार समितीचे सगळे बळ त्या ओळीत आहे. ती समिती किती विद्वान, तिचा अध्यक्ष किती मोठा, याने फार फरक पडत नाही. सल्ला नाकारणाऱ्याला उत्तर द्यावे लागते की नाही, एवढेच पाहायचे.

आता यातल्या चुका. पहिल्या फेरीत 2021 मध्ये सुमारे 86 लाख डॉलर वाटले, तोवर ठीक चालले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये थंडावा देणाऱ्या यंत्रांच्या कामाचे सुमारे 1 कोटी 20 लाख डॉलरचे कंत्राट नगरसभेने एका संस्थेला मंजूर केले आणि लगेच थांबवावे लागले. संस्थेच्या प्रमुख व्यक्तीला पूर्वी फसवणुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली होती, हे वर्तमानपत्राने शोधले. छाननीत ते सुटले होते. आमच्या भाषेत केवायसी कच्चे. मार्च 2022 मध्ये शहराच्या लेखापरीक्षकांनी अहवालात स्पष्ट लिहिले की निधीची उद्दिष्टे मोजता येतील अशी ठरलेली नाहीत, आणि देखरेख करणाऱ्या समितीची नेमकी भूमिकाही स्पष्ट नाही. पैसा वाटणे आणि पैशाचे काय झाले ते पाहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्याची तयारी आधी करावी लागते. डिस्बर्समेंट झाल्यावर एंड-यूज पाहू म्हणणाऱ्या शाखांचे पुढे काय होते, ते निवृत्तांना सांगायला नको. पोर्टलंडने मात्र अहवाल दडवला नाही. नियम बदलले, आणि सप्टेंबर 2023 मध्ये पाच वर्षांची 75 कोटी डॉलरची गुंतवणूक योजना मंजूर झाली.

खरी कसोटी त्यानंतर आली. अधिभाराचे उत्पन्न सुरुवातीच्या अंदाजापेक्षा कितीतरी वाढले, आणि त्याच सुमारास शहराच्या अंदाजपत्रकात तूट आली. एका कपाटात भरलेली तिजोरी, शेजारच्या कपाटात रिकामी. शहराच्या इतर खात्यांची कामेही "हवामानाची" म्हणून या निधीतून होऊ लागली. बागांची देखभाल हे हवामानाचे काम आहे का? झाडे असतात, म्हणजे आहे. मग रस्त्यांचे? यावर तिथे दर अंदाजपत्रकाला वाद होतो. समिती आपले मत देते, पण निर्णय नगरसभेचा. आम्हांला यात नगरसभेची बाजूही दिसते. निवडून आलेल्या माणसाने बाग बंद पडू द्यायची आणि शेजारी पैसा पडून ठेवायचा, हे त्याला मतदारांपुढे सांगता येणार नाही. पण राखीव निधी एकदा इतर खर्चाला वापरायची सवय लागली की तो राखीव राहत नाही, हेही तितकेच खरे. समिती तो ओघ थांबवू शकली नाही. किती पैसा कुठे वळला, हे मात्र तिच्यामुळे नावानिशी नोंदले गेले.

इंदूरकडे वळू. आपल्या शहराने 2017 पासून स्वच्छतेत देशाला जे करून दाखवले ते नागरिकांशिवाय झाले नसते. ओला-सुका कचरा आपणच वेगळा केला, गाडीचे गाणे ऐकून आपणच जिना उतरलो. पण नीट पाहिले तर यात नागरिकाने सांगितलेले ऐकले. त्याला विचारले गेले, असे फार थोडे वेळा झाले. 14 जुलै 2024 ला रेवती रेंजवर एका दिवसात 12 लाखांहून अधिक रोपे लावून विश्वविक्रम झाला. आपल्यातलेही काही जण गेले होते. फोटो मंडळाच्या ग्रुपवर फिरले. तिसऱ्या पावसाळ्यानंतर त्यांतली किती जगली, कोणी मोजली, पाण्याला किती खर्च आला, हे विचारायचे हक्काचे ठिकाण कोणते?

कायद्यात ठिकाणे आहेत. घटनेच्या कलम 243-एसप्रमाणे तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरात वॉर्ड समित्या हव्यात. जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. या दुसऱ्या समितीची गोष्ट मासलेवाईक आहे. वर्षानुवर्षे बहुतेक ठिकाणी ती नव्हतीच. राष्ट्रीय हरित अधिकरणाने 2019 मध्ये मुदत घातली आणि पुढे दर महिन्याला प्रत्येक चुकार राज्याकडून दहा लाख रुपये घेऊ म्हटले, तेव्हा देशभर समित्यांचा पाऊस पडला. आज कागदावर अडीच लाखांहून अधिक आहेत. यांतल्या किती समित्यांच्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक असेल, कोण जाणे. दंड वाचवायला केलेली समिती दंड वाचवते, तिचे तेवढेच काम असते.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण असे. आपल्या मंडळातल्या तीन निवृत्त सभासदांना आपापल्या वॉर्डातल्या पाणी आणि झाडांच्या समितीवर येता का, असे पार्षदांकडून विचारणे आले आहे. तिघांनी आम्हांला सल्ला विचारला. त्यात एक माजी अभियंता आहेत, एक शिक्षिका, आणि एक आमच्यासारखेच खातेवह्यांतले. हो म्हणा, असेच आम्ही सांगितले. घरी बसून निगमाला नावे ठेवण्यापेक्षा ते बरे. पण हो म्हणण्याआधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. सभेचे इतिवृत्त कोण लिहिणार आणि ते वॉर्डातल्या कोणालाही वाचता येईल का? समितीची शिफारस नेमकी कोणत्या टेबलावर जाणार, आणि किती दिवसांत लेखी उत्तर येणार? माहिती गोळा करायला निगमाचा एखादा कर्मचारी मिळणार की आपणच रोपे मोजत फिरायचे? तिसऱ्याचे उत्तर "आपणच" असे आले तरी चालेल, पाय धड आहेत तोवर फिरू. दुसऱ्याचे उत्तर आले नाही, तर मात्र तुमची नावे फक्त उद्घाटनाच्या पत्रिकेसाठी हवी आहेत असे समजा.

अभियंता सभासदांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे, पहिल्याच भेटीत एवढ्या अटी घातल्या तर पार्षद दुसरी नावे शोधतील. आधी आत जाऊ, दोन कामे करून दाखवू, मग लेखी उत्तराचे बोलू. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. इंदूरला कामे ओळखीने सुरू होतात हे आम्हीही जाणतो. पण ओळखीने सुरू झालेले काम ओळख संपली की थांबते, आणि पार्षद दर पाच वर्षांनी बदलू शकतो. शेवटी असे ठरले की अट म्हणून नको, पहिल्या सभेचा पहिला ठराव म्हणून लेखी उत्तराचा विषय मांडायचा, आणि तो इतिवृत्तात आला की नाही ते शिक्षिकाबाईंनी पाहायचे. त्यांनी अडतीस वर्षे वह्या तपासल्या आहेत.

सौ.ना हे सगळे वाचून दाखवले. जलूदच्या विजेमुळे पंपाच्या बिलात दर महिन्याला किती फरक पडतो, हा आकडाही पहिल्या सभेत मागायला सांगा, असे त्यांनी सुचवले. तिघांच्या यादीत तो जोडला आहे.