कॉइल मरायची वाट कशाला?

माझदाची आरएक्स-८ बनायची थांबली २०१२ मध्ये, तरी ब्रिटनमधल्या ट्रॅक-डेंना, म्हणजे हौशी मालक आपली गाडी रेसट्रॅकवर पळवतात त्या दिवशी, ती हमखास दिसते. वजनाचा तोल सुरेख, वळणावर भरवशाची आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात स्वस्त. गाडी घेतली की मालक टायर बघतो, ब्रेकपॅड बदलतो, ब्रेक ऑइल ताजं भरतो. इग्निशन कॉइलकडे मात्र ती बंद पडेपर्यंत कोणी ढुंकून पाहत नाही. या गाडीत ही सवय थेट इंजिनाच्या मुळावर येते.

नेहमीच्या चार-स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरची कॉइल शाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी देते. आरएक्स-८च्या रोटरी इंजिनात ती दर फेरीला द्यावी लागते. आरपीएमचा काटा ९,००० वर गेला, की प्रत्येक कॉइलला सेकंदाला १५० वेळा बॅटरीचे १२ व्होल्ट हजारो व्होल्टांवर चढवायचे असतात. दोन ठिणग्यांमध्ये ७ मिलिसेकंदही मिळत नाहीत. त्यातून चारही कॉइल बसवल्यात इंजिनाच्या डोक्यावर, तापल्या हवेत! रस्त्यावर हा ताण अधूनमधून येतो. ट्रॅकवर सलग पंधरा-वीस मिनिटं.

दगा पुढेच आहे. प्रत्येक रोटरला (पिस्टनच्या जागी फिरणाऱ्या भागाला) दोन प्लग. एकाची कॉइल दुबळी झाली तरी दुसरा गाडी रेटत राहतो. ताकद जराशी कमी वाटते, वरच्या वेगात इंजिन किंचित अडखळतं, आणि चालक पेट्रोलला बोल लावतो. तोवर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. आतली जाळी वितळते, एक्झॉस्ट तुंबतो, कोंडलेली उष्णता रोटरच्या सीलना भाजते. सील गेले की कॉम्प्रेशन गेलं. मग इंजिन खोलण्यावाचून गत्यंतर नाही.

‘एकच खराब आहे, तेवढीच बदला’ असं सांगणाऱ्या गॅरेजचा मला मनापासून राग येतो. उरलेल्या तिघीही तेवढ्याच तापल्या आहेत. शिवाय प्लग झिजला की त्याची फट वाढते, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि नवी कॉइलही त्याच ओझ्याखाली जाते. ट्रॅकवर नियमित उतरणाऱ्याने चारही कॉइल, चारही प्लग आणि वायरी हंगामाच्या सुरुवातीलाच एकत्र बदलाव्यात, भले जुन्या चालू असोत. इंजिनाच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. आणि ट्रॅकवरच्या फेरीच्या मध्यात चेक इंजिनचा दिवा लुकलुकला, तर वेळ नोंदवायचा मोह सोडून पाय उचलावा आणि सरळ पिटमध्ये यावं.