यंत्राचाही पासपोर्ट असतो!

‘कस्टम्स’ म्हटलं की हॉस्टेलवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. जुन्या हिंदी सिनेमातलं बंदर, सोन्याची बिस्किटं आणि पांढऱ्या युनिफॉर्ममधला साहेब! इंजिनिअरिंगचा त्याच्याशी काय संबंध? मला विचाराल तर फार जवळचा आहे. परदेशात जाऊन काही मोजायचं म्हटलं की पहिली परीक्षा डोंगरावर किंवा बर्फावर होत नाही, ती बंदरावर नाहीतर विमानतळावर होते. आणि या परीक्षेचा सिलॅबस आपल्याला कोणीच शिकवत नाही, ही माझी तक्रार आहे.

मित्रांनो, हे दुखणं नवीन नाही. लॅम्बटनने दक्षिणेत त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, तेव्हा त्याच्यासाठी लंडनहून सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट निघाला. वाटेत फ्रेंचांनी जहाजच पकडलं आणि यंत्र मॉरिशसला गेलं. पण हे विज्ञानाचं साधन आहे म्हणून शत्रू असूनही फ्रेंच गव्हर्नरने ते मद्रासला पाठवून दिलं. पुढे 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली आपल्या महाराष्ट्रावरून गेली. ते बघायला लॉकियर विजयदुर्गला आले, तर अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल 40 फुटी कॅमेरा घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला आले. पुण्याचे नायगमवालाही तिथेच होते. ग्रहण किती वेळ? जेमतेम दोन मिनिटं! पेटी एक दिवस उशिरा पोचली असती, तर साता समुद्रापलीकडून येऊन नुसतं आकाशाकडे बघत बसावं लागलं असतं.

फील्डवर्कचं हेच तर आहे. लॅबमधलं प्रॅक्टिकल राहिलं तर पुढच्या मंगळवारी करता येतं. निसर्ग मात्र ‘एक्स्ट्रा टर्न’ देत नाही. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली 6 डिसेंबर 1981 रोजी गोव्याहून निघाली आणि 9 जानेवारी 1982 ला तिथे पोचली. तिथला उन्हाळा संपायच्या आत काम उरकून परतायचं असतं. गंमत म्हणजे अंटार्क्टिकावर कस्टम्सचं ऑफिसच नाही. पण तिथे जाताना आणि येताना कुठल्या ना कुठल्या देशाचं बंदर किंवा विमानतळ लागतोच. आज आपली बरीच माणसं केपटाउनमार्गे विमानाने जातात. म्हणजे जिथे कोणाचंच राज्य नाही, तिथे जायलासुद्धा कोणाच्या तरी शिक्क्याची गरज आहे!

माझा मावसदादा बाहेर पीएच.डी. करतो. बर्फ वितळताना डोंगरउतारावरची माती किती ओली होते, हे मोजायला त्यांचा ग्रुप दुसऱ्या एका डोंगराळ देशात गेला. त्यांची पेटी विमानतळावरच अडकली, तब्बल अकरा दिवस. पेटीत काय? घरी बनवलेले डेटा लॉगर, वायरी, लिथियम बॅटऱ्या, अँटेना. कशावर लेबल नाही, नंबर नाही. इनव्हॉइसवर एकच ओळ, ‘इलेक्ट्रॉनिक सॅम्पल, किंमत शून्य’. पेटी सुटली तेव्हा बर्फ वितळून गेलं होतं. मी फोनवर त्या अधिकाऱ्याला यथेच्छ शिव्या घातल्या, तर दादा म्हणाला, “अगं, तो वाईट नव्हता. हे नक्की काय आहे ते आम्हालाच त्याला दोन वाक्यांत सांगता येईना.”

जरा त्या खुर्चीत बसून बघा. समोर वायरी, बॅटरी आणि अँटेना असलेला डबा. नाव नाही, किंमत शून्य. किंमत शून्य असेल तर इतका सांभाळून का आणला? संशय येणारच. आणि आपण तरी काय वेगळं करतो? आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन आणलेल्या परदेशी पाहुण्यांना पोलिस चौकीची पायरी चढावी लागलेली आहे. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, त्यात संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच सवलत ठेवली, तीही परवानगी घेऊन. आपल्या दारात आपण कडी लावतो, मग दुसऱ्याच्या दारातली कडी बघून कपाळाला आठ्या कशाला?

बरं, मार्ग नाहीत असंही नाही. 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारातून ‘एटीए कार्नेट’ नावाचा कागद निघाला. आपल्याकडे तो फिक्की ही संस्था देते. तात्पुरतं न्यायचं आणि परत आणायचं सामान असेल, तर 70 हून अधिक देशांत या कागदावर ड्युटी न भरता जाता येतं. एक वर्षाची मुदत असते आणि त्यासाठी हमी द्यावी लागते. वापरून संपणारं सामान त्यात चालत नाही. शिवाय कुठल्या प्रकारचं सामान स्वीकारायचं हे प्रत्येक देश ठरवतो, म्हणून आधी विचारून घेतलेलं बरं. परत येतानाचीही भानगड आहे. आपल्या 1962 च्या कस्टम्स कायद्याच्या कलम 20 प्रमाणे बाहेर जाऊन परत आलेली वस्तूसुद्धा आयातच धरली जाते. सवलत मिळते, पण गेलेली वस्तू तीच ही, हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी निघतानाच विमानतळावर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घेता येतं. त्यावर वस्तूचा सीरियल नंबर लागतो. आता सांगा, आपल्या किती प्रोजेक्टवर सीरियल नंबर असतो?

कोणी म्हणेल, आम्ही कर्जतच्या लोकलला लटकणारी पोरं, आम्हाला कुठलं परदेशी फील्डवर्क? इथे मला आपल्याच तालुक्यातली गोष्ट आठवते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ताच राहिले. त्यानंतर आपल्याकडे पर्जन्यमापक आणि उतार सरकल्याचं सांगणारे सेन्सर बनवायचे प्रोजेक्ट दर वर्षी येतात. ही उपकरणं खरी कामाची व्हायची असतील, तर वेगवेगळ्या डोंगरांवर, वेगवेगळ्या देशांतल्या पावसात तपासायला हवीत. उद्या यातली एखादी पेटी सरहद्द ओलांडेल. ती गोदामात अडकली आणि एक पावसाळा हुकला, तर नुसता रिपोर्ट लेट होणार नाही. धोका कळायला एक वर्ष उशीर होईल. डोंगर आपल्या कागदांसाठी थांबत नाही.

म्हणून माझ्या तीन सूचना. पहिली, प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये यंत्राच्या पासपोर्टचं एक पान सक्तीचं करावं. त्यात फोटो, सीरियल नंबर, खरी किंमत, बॅटरी किती वॉट-अवरची, रेडिओ कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, टॅरिफ कोड (सर्वेक्षण आणि हवामानाच्या उपकरणांचा 9015) आणि हे यंत्र काय मोजतं ते आपल्या आजीलाही कळेल अशा दोन वाक्यांत. दुसरी, इंडस्ट्रियल व्हिजिटला एक वर्ष लोणावळा सोडून न्हावाशेव्याला जाऊ या. 1989 मध्ये सुरू झालेलं एवढं मोठं बंदर आपल्याच जिल्ह्यात, तासा-दीड तासावर आहे आणि आपण फक्त एक्सप्रेस-वेवरचे कंटेनर मोजतो! तिसरी, एखाद्या कस्टम्स अधिकाऱ्याला किंवा क्लिअरिंग एजंटला गेस्ट लेक्चरला बोलवावं.

सगळा दोष आपलाच, असं मात्र मी म्हणणार नाही. कागद पूर्ण असूनही ‘उद्या या’ म्हणणारी ऑफिसं आहेत. तारखेला बांधलेल्या संशोधनाच्या पेटीचा निर्णय ठरावीक दिवसांत व्हायलाच हवा, हो किंवा नाही. पण ही मागणी ठणकावून करायची तर आधी आपली बाजू चोख पाहिजे. ‘किंमत शून्य’ लिहून आपणच आपल्या मेहनतीला शून्य ठरवतो, मग समोरच्याने तिला भाव का द्यावा?

सर्किट चालू झालं म्हणजे यंत्र पूर्ण झालं, असं आपण समजतो. माझ्या मते ज्या दिवशी ते अनोळखी माणसाच्या टेबलावर स्वतःची ओळख देऊ शकेल, त्या दिवशी ते पूर्ण होतं. पटलं तर यंदाच्या प्रोजेक्टपासूनच सुरुवात करू या. नाही पटलं, तर मेसमध्ये भेटा, भांडू!